ब्लोअर बंद पडला, तर मोटर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

मुंबईत गाडीचा हीटर लावण्याची वेळ क्वचितच येते. परंतु हीटर आणि एसी या दोन्हींची हवा एकच ब्लोअर फेकतो, आणि पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून धरणारे बाष्प घालवण्यासाठीही तोच लागतो. तो बंद पडला की नवी मोटर बसवण्याचा सल्ला चटकन मिळतो. तो मानण्यापूर्वी मोटरपर्यंत वीज पोहोचते की नाही, एवढे तरी पाहून घ्यावे.

ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर मोटर शाबूत आहे असे समजण्यास हरकत नाही. जुन्या पद्धतीच्या, हाताने फिरवायच्या नॉबच्या गाड्यांत खालच्या वेगांची वीज रेझिस्टरमधून (वीज कमी करून वेग मंदावणाऱ्या भागातून) जाते आणि वरच्या वेगाची त्याला टाळून जाते. म्हणून दोष बहुधा रेझिस्टरमध्येच सापडतो. मोटरचा आवाज नेहमीसारखा असूनही हवा कमी येत असेल, तर आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून पाहावा. मेट्रोच्या कामांची धूळ खाल्लेल्या गाडीत तो किती काळा निघतो, हे पाहिल्यावर वेगळे कारण शोधावे लागत नाही.

ब्लोअर कोणत्याच वेगावर फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. तो जळालेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा लावावा. तोही लगेच उडाला, तर मोटर जाम झालेली असते किंवा वायर कुठेतरी शॉर्ट होत असते. अधिक अँपिअरचा फ्यूज लावणे म्हणजे वायरिंग जाळण्याची तयारी करणे होय.

फ्यूज आणि रिले (मोटरची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच) ठीक असतील, तर मल्टिमीटर हे वीज मोजण्याचे उपकरण घ्यावे; लॅमिंग्टन रोडवर साधा मीटर सहज मिळतो. मोटर बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. तेथील पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. इग्निशन चालू करून, ब्लोअर सर्वांत वरच्या वेगावर ठेवून, कनेक्टर जोडलेला असतानाच मोटरच्या दोन टोकांमधला विजेचा दाब (व्होल्टेज) मोजावा. एक टोक बॉडीला लावून मोजू नये, कारण अनेक गाड्यांत वेगाचे नियंत्रण अर्थच्या (बॉडीला जोडलेल्या ऋण टोकाच्या) बाजूने होते आणि मग आकडा फसवा येतो. बारा व्होल्टच्या आसपास दाब मिळूनही पंखा फिरत नसेल, तर मोटर गेली आहे किंवा पंखा कशाततरी अडकला आहे. दाब मिळत नसेल, तर दोष स्विच, वायर, अर्थ किंवा कनेक्टर यांपैकी कशात तरी आहे. कनेक्टरचे प्लास्टिक वितळलेले दिसले, तर तोही बदलावा.

मोटर काढलीच, तर पंखा हाताने फिरवून पाहावा. झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीच्या पंख्यात वाळलेली पाने, आणि सोसायटीच्या तळघरातल्या गाडीत उंदराचे घरटे सापडणे येथे नवे नाही. अडथळा काढल्यावर पंखा मोकळा फिरू लागला, तर तीच मोटर पुन्हा बसवून चालवून पाहावी. मोटरवर गंज किंवा ओल दिसल्यास मात्र काचेखालच्या जाळीतील पाण्याचा निचरा आधी मोकळा करावा, नाहीतर नवी मोटरही पुढच्या पावसाळ्यात भिजेल.