इंद्रलाल रॉय यांची हवाई झुंज रंगवताना

हवाई लढाईच्या चित्राकडे नव्याने वळलेले बहुतेक जण आधी आकाश रंगवतात आणि मग त्यात विमानं बसवतात. हे चित्र फसतं ते रंगात नव्हे, मापात. म्हणून सुरुवात कागदपत्रं आणि पट्टीपासून करा.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांचंच उदाहरण घ्या. जन्म कोलकात्याचा, २ डिसेंबर १८९८. जुलै १९१८ मध्ये ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून एस.ई.५ए हे एक आसनी ब्रिटिश लढाऊ विमान उडवत त्यांनी दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला फ्रान्समध्ये कार्व्हां या गावावरच्या झुंजीत ते मारले गेले. वय अवघं एकोणीस. ते स्वतः विमानांची रेखाटनं करत, म्हणून हा विषय चित्रकाराला जास्तच जवळचा वाटतो.

आधी तारीख पक्की करा, कारण समोरचं विमान तारखेवर ठरतं. ८ जुलैला चार तासांत त्यांनी तीन विजय मिळवले: दोन हॅनोव्हर आणि एक फोकर डी.७, दोन्ही प्रकार जर्मन. हॅनोव्हर दोन आसनी असून त्याच्या शेपटीला एकावर एक असे दोन आडवे पंख आहेत. सगळीकडे फोकरच काढला तर जाणकाराला ते पहिल्या नजरेत खटकतं.

आता माप. एस.ई.५एच्या पंखांचा विस्तार ८.११ मीटर, फोकरचा ८.९ मीटर. एस.ई.५ए बघणाऱ्यापासून १५ मीटरवर आणि फोकर ९० मीटरवर असेल, तर ३६ इंच रुंद कॅनव्हासवर पहिलं ३३ सेंटिमीटर काढल्यावर दुसरं जेमतेम ६ सेंटिमीटर भरतं. मन ते मोठं करायला बघतं. करू नका, नाहीतर दोन्ही विमानं एकमेकांना धडकणार असं दिसतं. खात्री करायची तर १:४८ प्रमाणाची दोन मॉडेल घ्या, कॅमेऱ्यापासून ३१ आणि १८७ सेंटिमीटरवर टांगा आणि एकाच दिव्याच्या उजेडात फोटो काढा. मोबाइलची रुंद लेन्स कडेच्या वस्तू ताणते, म्हणून दोन्ही मॉडेल चौकटीच्या मध्याजवळ ठेवा.

सगळ्यात जास्त चुका आयलेरॉनमध्ये, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांमध्ये होतात. विमान डावीकडे कलताना डावे आयलेरॉन वर आणि उजवे खाली जातात, आणि एस.ई.५एला ते वरच्या-खालच्या दोन्ही पंखांवर, म्हणजे चार असतात. वळण एकदा स्थिरावलं की ते जवळपास मध्यावर येतात आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी हलती झडप, थोडा वर राहतो. वळणभर आयलेरॉन पूर्ण वळलेले दाखवले तर विमान गिरकी घेतंय असं वाटतं. इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डन इथल्या शटलवर्थ संग्रहातलं एस.ई.५ए आजही उडतं. त्याच्या उड्डाणाचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघा.

बंदुका दोन: डाव्या बाजूला व्हिकर्स, वरच्या पंखावर ९७ गोळ्यांच्या डबीची लुईस. लुईस पुढच्या फिरत्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरून मारा करते. इंजिन पाण्याने थंड होणारं, त्यामुळे त्या काळच्या गोल फिरणाऱ्या इंजिनांसारखा एरंडेल तेलाचा धूर काढायचा नाही. पॅराशूटही नाही, ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा ते दिलेलंच नव्हतं.

वरच्या बाजूचा रंग पिवळी माती आणि काजळीच्या मिश्रणाचा, हिरवट तपकिरी. येलो ऑकरमध्ये काळा थोडा थोडा मिसळत जा. ट्यूबमधला तयार हिरवा वापरला की दुसऱ्या महायुद्धातलं विमान वाटायला लागतं. खालची बाजू लिननची फिकट साय. पंखांवरच्या आणि बाजूच्या ब्रिटिश खुणेच्या वर्तुळात बाहेर निळा, मग पांढरा, मध्ये लाल. रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, पुढे निळा, शेवटी लाल. जर्मन विमानांवर १९१८च्या उन्हाळ्यात सरळ कडांचे क्रॉस होते, आधीचे पसरट टोकांचे नव्हेत.

खालची जमीन कोळसाखाणींची: खाणींतल्या दगडमातीचे काळे ढीग, विटांची गावं, रेल्वेचे रूळ.

चित्राच्या मागे तारीख, विमान, युनिट लिहून ठेवा. संग्राहक आधी तेच विचारतात. ओळ लिहिताना मात्र ‘दहा विमानं नष्ट केली’ असं लिहू नका. नोंदीत पाच नष्ट आणि पाच ताबा सुटून खाली गेलेली आहेत, आणि दोन्हींत एकेक विजय इतरांसोबतचा आहे.