घरगुती सायकल कॉम्प्युटर बनवताय? या चुका टाळा

‘डिस्प्ले मस्त चालतोय, पण वेग काहीच्या काही दाखवतो,’ अशी तक्रार घरी सायकल कॉम्प्युटर (वेग आणि अंतर दाखवणारं उपकरण) बनवणाऱ्याकडून आली की मी आधी एकच विचारतो : डिस्प्ले जोडण्यापूर्वी नुसता सेन्सर तपासला होता का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. आकडे चमकताना बघायची घाई प्रत्येकाला असते.

सेन्सर म्हणजे इथे रीड स्विच, चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा. त्याच्या आत दोन पातळ पात्या असतात. स्पोकवरचं चुंबक समोरून गेलं की त्या एकमेकींवर आपटतात, उसळतात, पुन्हा टेकतात. चाकाची फेरी एकच, पण आर्डुइनोला (ठोके मोजणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला) ठोके दोन-तीन ऐकू येतात. माझ्या पहिल्या जोडणीत सिंहगड रस्त्यावर लागोपाठच्या दोन मैलाच्या दगडांमधलं एक किलोमीटरचं अंतर १.७ किमी भरलं. मी चुंबक बदललं, वायर बदलली, अख्खा सेन्सर बदलला. तीन रविवार त्यातच गेले. शेवटी सायकल उलटी करून चाक हाताने मोजून दहा वेळा फिरवलं, तर सिरीयल मॉनिटरवर (आर्डुइनोचे आकडे दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) सतरा! तेव्हापासून ही दहा फेऱ्यांची चाचणी झाल्याशिवाय मी डिस्प्लेला हात लावत नाही.

उपाय सोपा आहे. आधीच्या ठोक्यानंतर ५० मिलिसेकंदांच्या आत आलेला ठोका मी सरळ टाकून देतो. २.१५ मीटर परिघाच्या चाकाला ताशी ७० किमी वेगातही एका फेरीला ११० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे खरा ठोका सुटत नाही. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये (ठोका येताच चालणाऱ्या प्रोग्रामच्या भागात) डिले, म्हणजे थांबण्याची आज्ञा, घालायचा शॉर्टकट मात्र नको. तिथे डिले चालतच नाही.

दुसरी चूक म्हणजे दर सेकंदाचे ठोके मोजून वेग काढणं. याच चाकाचा सेकंदाला एक ठोका म्हणजे ताशी ७.७ किमी, दोन म्हणजे १५.५. मधला वेग दिसणारच कसा? दोन ठोक्यांमधला वेळ मोजा. आणि तीन सेकंद ठोका आला नाही तर वेग शून्य करा, नाहीतर सिग्नलला उभे असतानाही आकडा आधीचाच राहतो.

परीघ टायरवरच्या आकड्यांवरून काढू नका. हवा भरा, सीटवर बसा, व्हॉल्व्ह खाली असताना जमिनीवर खूण करा, एक फेरी पुढे जा आणि टेपने मोजा.

रीड स्विचऐवजी ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारी चिप) लावणार असाल तर त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि तो चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो. चुंबक उलटं लावून सेन्सर फेकून देणारे मी पाहिलेत.

अंतर मिलिमीटरमध्ये ‘इंट’मध्ये (लहान पूर्णांकांच्या प्रकारात) साठवलं तर आर्डुइनो नॅनोवर सोळाव्या फेरीलाच मर्यादा ओलांडून ते उणे होतं. ‘अनसाइन्ड लाँग’ हा मोठा प्रकार वापरा.

ईप्रॉमवर (वीज गेली तरी आकडे जपणाऱ्या मेमरीवर) दर फेरीला लिहू नका. एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याची हमी २१५ किमीत संपते. मी दर किलोमीटरला लिहितो.

ब्लूटूथ स्पीड सेन्सर वापरत असाल तर त्याने पाठवलेला ठोक्याच्या वेळेचा सोळा बिटांचा आकडा दर ६४ सेकंदांनी शून्यावर येतो. दोन वेळांची वजाबाकी सोळा बिटांतच करा, म्हणजे फरक बरोबर येतो.

वायर लावताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, फोर्कपाशी थोडी ढील ठेवा, मगच झिपटाय आवळा.