ऑटोपायलट काढण्याआधी

उतरताना ऑटोपायलट किती फुटांवर काढायचा, म्हणजे बंद करून विमान हातात घ्यायचं, असं नवा को-पायलट हमखास विचारतो. मी त्याला आधी विचारतो, तोवर तुझं काय काय उरकलेलं असेल?

विमान वर निवांत उडत असतानाच हवामान आणि विमानतळाच्या सूचना वाचून घ्या. दाट धुकं असेल तर ऑटोलँड, म्हणजे चाकं टेकेपर्यंत यंत्रच विमान उडवणार. त्यासाठी धावपट्टी, विमान आणि दोघे पायलट या सगळ्यांचीच तशी पात्रता लागते. एरवी बहुतेक लँडिंग हातानेच होतात. वारा आडवा आहे का, ग्लाइड स्लोप (उतरण्याचा नेमका उतार दाखवणारा रेडिओ संकेत) चालू आहे का, हे बघून कोण, साधारण कुठे ऑटोपायलट काढणार ते ब्रीफिंगमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या आपसातल्या चर्चेत, बोलून ठेवा.

चाकं, फ्लॅप्स (कमी वेगात विमान तोलणाऱ्या पंखांच्या झडपा), लँडिंग चेकलिस्ट हे सगळं १००० फुटांवर येण्याआधी उरकलेलं हवं. तिथून धावपट्टी जेमतेम दीड मिनिटावर असते. वेग ठरवलेल्या आकड्याजवळ, उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फुटांच्या आसपास आणि इंजिनांना थोडी ताकद दिलेली, असं असेल तरच पुढे जा.

थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरवर, बोलताना मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना २१४ हे बोइंग ७७७ उतरत होतं. ग्लाइड स्लोप बंद होता. ऑटोपायलट काढलेला होता आणि ऑटोथ्रॉटल (इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) वेग सांभाळतोय असा समज होता. तो मात्र होल्डमध्ये, म्हणजे लिव्हर स्वतः न हलवणाऱ्या अवस्थेत, जाऊन बसला होता. १३७ नॉट हवे असताना वेग १०३ पर्यंत घसरला, शेपटीचा भाग धावपट्टीआधीच्या समुद्राच्या बांधावर आदळला आणि तीन जणांचा जीव गेला. म्हणून ऑटोपायलटबरोबर ऑटोथ्रॉटलही काढणार की ठेवणार, हे आधीच ठरवा. बोइंगवर सहसा दोन्ही काढतात, एअरबसवर ऑटोथ्रस्ट (तिथलं ऑटोथ्रॉटल) बहुधा ठेवतात. काहीही ठरवलंत तरी हात लिव्हरवर आणि नजर वेगावर हवीच.

आता प्रत्यक्ष तो क्षण. आधी स्टिकची पकड घ्या, पाय रडरच्या पेडलवर ठेवा, ट्रिम (हाताने जोर न लावता विमान तोलून धरणारी मांडणी) कुठे आहे ते बघा, मग ऑटोपायलट काढायचं बटण दाबा. इशाऱ्याचा आवाज होतो. पुन्हा दाबलं की थांबतो. ‘ऑटोपायलट ऑफ’ हे मोठ्याने म्हणा, शेजारच्याला कळलंच पाहिजे. आणि लगेच काही ‘सुधारायला’ जाऊ नका. विमान ट्रिममध्ये असेल तर एक-दोन सेकंद तसंच चालू द्या, हाताला त्याचा भार कळू द्या. नवखा माणूस इथेच स्टिक ढवळत बसतो.

उंचीचं म्हणाल तर स्वच्छ हवेत कुणी ३००० फुटांवरच काढतं, हात चालता राहावा म्हणून. मला ते फार पटतं. बरेच जण १००० ते ५०० फुटांच्या दरम्यान काढतात. ढग खाली असतील तर धावपट्टी दिसेपर्यंत थांबावं लागतं, नेहमीच्या आयएलएसवर (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरवणारी यंत्रणा) ती मर्यादा साधारण २०० फूट असते. पण वारा जोरात आडवा असेल तर इतक्या खाली विमान हातात घेऊन सवय करायला वेळच उरत नाही. जमेल तितकं आधी घ्या.

बाहेर पापीचे, म्हणजे धावपट्टीशेजारचे उतार दाखवणारे चार दिवे बघत राहा: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. चारही लाल म्हणजे तुम्ही फार खाली आहात. आणि गो-अराउंडचे, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचे, पहिले शब्द आणि पहिली हालचाल ब्रीफिंगमध्येच एकदा बोलून झालेली असू द्या.