वाचलेलं वचन दिवसात कसं आणावं?

३१ डिसेंबरच्या रात्रीची चर्चमधली उपासना संपली की आमच्याकडे बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांचा डबा फिरतो. हात घालायचा, चिठ्ठी उचलायची आणि घरी येऊन बायबलमध्ये ठेवायची. पुढच्या डिसेंबरला नवी चिठ्ठी ठेवताना जुनी हाती लागते. माझ्या बायबलमध्ये अशा सहा-सात चिठ्ठ्या साठल्या होत्या. वचनं आवडायची, पाठही व्हायची. पण सकाळी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या गाडीत बसलो की वचन घरी आणि मी कारखान्यात.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आरशाचं उदाहरण आहे. माणूस आरशात तोंड बघतो आणि तिथून हलताच आपण कसे दिसत होतो ते विसरतो. वचन ऐकून तसं न वागणारा माणूस असाच असतो. मी रोज तेच करत होतो. पुढची पद्धत त्या विसरण्यावर मला लागू पडली. सकाळची वीस मिनिटं, एक दोनशे पानी वही आणि पेन, एवढंच लागतं.

एक पुस्तक धरा, सोडू नका

बायबल कुठंही उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन मानायचं, ही सवय आधी सोडा. घरातल्या कुणाचं पत्र आलं तर आपण मधलीच एक ओळ वाचून बाजूला ठेवत नाही. पवित्र शास्त्रातही पत्रं आहेत, गीतं आहेत, इतिहास आहे, आणि ते सलग वाचलं तरच समजतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने याकोबाचं पत्र घ्यावं. पाच अध्याय, १०८ वचनं. रोज चार घेतली तर सत्तावीस दिवसांत पुरं होतं. आणि त्यात जीभ, पैसा, राग, मजुराची थकवलेली मजुरी असे आपल्या घरातले आणि कामावरचेच विषय आहेत.

तोंडाने वाचा

पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. तिथं 'मनन' साठी जो मूळ हिब्रू शब्द आहे, 'हागा', त्याचा अर्थ हळू आवाजात पुटपुटणं. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हाच शब्द आला आहे. म्हणजे मनन हे नुसतं डोळे मिटून बसणं नाही, त्यात ओठ हलतात. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नसतं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली, तीही याच जिभेवर रुळलेल्या चालीतून.

चार वचनं तीनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना जिथं अडखळाल, त्या शब्दाखाली रेघ ओढा. अर्थ लागत नसेल तर सोप्या मराठीतलं दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली निधन होईपर्यंत, साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणण्याच्या कामात राहिल्या. इतक्या मोलाने जे सोपं करून ठेवलं आहे, ते न समजता पुढं ढकलू नये.

हे आधी कुणाला सांगितलं होतं?

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. नववर्षाच्या चिठ्ठ्यांत हमखास येणारं वचन घ्या: यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, असं देव म्हणतो. मुलाच्या नोकरीसाठी, दुकानाच्या जागेसाठी आपण ते लगेच स्वतःला लावतो. पण हे वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेहून बाबेलास पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने ते पाठवलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया म्हणाला, सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात राहता त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा.

एवढं कळलं की वचनाचा आधार कमी होत नाही, उलट वाढतो. माझं काम दोन वर्षांत झालं नाही तरी देवाचा संकल्प मोडलेला नसतो. आणि वाट बघण्याच्या काळात हातावर हात ठेवून बसायचं नाही, हेही त्याच पत्रात आहे. कोल्हापुरात भाड्याच्या घरात राहणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या माणसालाही त्यातून आजचं काम मिळतं: या गल्लीचं, या शहराचं भलं बघणं.

गोष्टी वाचताना आणखी एक जपा. बायबलमध्ये घडलेलं सांगितलं आहे, म्हणजे तसंच करायला सांगितलं आहे असं नाही. गिदोनाने लोकर पसरून देवाकडे चिन्ह मागितलं, म्हणून आपणही प्रत्येक निर्णयाला चिन्ह मागत बसतो. पण गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर पसरली ती त्याचा धीर होत नव्हता म्हणून.

वहीत नाव आणि वेळ लिहा

माझ्या मते सगळी पद्धत इथं येऊन उभी राहते.

मी एका फौंड्रीत डिस्पॅचला आहे. एकदा आमच्यातल्या नव्या पोराने चलनावर ४१२ किलोऐवजी ४२१ लिहिलं. कास्टिंग घेऊन गेलेली गाडी गिऱ्हाईकाच्या गेटवरून परत आली. मी त्याला ड्रायव्हर, हमाल, सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोललो. तो काही बोलला नाही, चलन हातात घेऊन नुसता उभा राहिला. त्या चलनाचा कोपरा त्याच्या बोटांत चुरगळत होता, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी वाचनात याकोब १:१९ आलं: माणसाने ऐकायला तत्पर, बोलायला धीमा आणि रागास मंद असावं. मी वहीत लिहिलं, 'रागावर ताबा ठेवीन.' लिहून बरं वाटलं. आणि त्याच दुपारी मी पुन्हा कुणावर तरी ओरडलो.

संध्याकाळी ते वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात माणूस नाही, वेळ नाही, जागा नाही. मग ते खोडून लिहिलं: 'उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, काट्याजवळ, त्या पोराची माफी. बोललो सगळ्यांदेखत, तर माफीही सगळ्यांदेखत. चूक दिसली तर आधी विचारायचं, काय झालं?' हे लिहिताना पोटात गोळा आला. सकाळी हमाल गाडी भरायला उभे होते, त्यांच्यासमोर मी माफी मागितली. पोरगा म्हणाला, "असू दे की साहेब." मग त्यानेच सांगितलं की काट्यावरचे आकडे दुपारच्या उन्हात नीट दिसत नाहीत. आता आम्ही आकडा मोठ्याने म्हणून लिहितो.

तर वचनाखाली एकच ओळ लिहा, पण तिच्यात तीन गोष्टी असू द्या: कुणाशी, कधी आणि नेमकं काय. 'प्रेमाने वागेन' असं लिहू नका. 'सासूबाईंना जेवायच्या आधी गोळी देताना पाच मिनिटं शेजारी बसेन' असं लिहा. दिवसाला एकच. तीन लिहिली की एकही होत नाही.

आपल्या वाट्याची ओळ आधी

वचन दुसऱ्याला लावण्याचा मोह फार मोठा असतो. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन नवऱ्यांना तोंडपाठ असतं, बायकोने अधीन असावं ते. तीनच वचनं पुढं नवऱ्यासाठी लिहिलं आहे: ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या लोकांवर, प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी प्रीती कर. पुरुषाने वहीत पंचविसावं लिहावं. बाविसावं त्याच्या वाट्याचं नाही.

काही वचनांखाली काम लिहायचं नसतं

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली. माझ्या बहिणीच्या घरात कमरेपर्यंत पाणी होतं. आमच्याकडे आल्यावर तिला धीराची वचनं ऐकवायला मी बायबल उघडलं. ती म्हणाली, "दादा, आत्ता नको." रात्री तिनेच एकोणसत्तरावं स्तोत्र काढलं. पाणी गळ्याशी आलंय, पाय टेकायला जागा नाही, हाका मारून घसा कोरडा पडलाय, असं त्यात दावीद म्हणतो. तिने ते मोठ्याने वाचलं आणि रडली.

विलापाच्या स्तोत्रांतून लगेच शिकवण काढू नका. ती देवापुढं म्हणायला दिली आहेत, तशी म्हणा. खाली आपली परिस्थिती आपल्या शब्दांत लिहा आणि वही मिटा. दुसऱ्याच्या दुःखात तर वचन ऐकवण्याआधी खराटा घेऊन चिखल काढायला जा. पाणी ओसरल्यावर आम्ही चार दिवस तेच केलं, आणि प्रार्थना त्यातच झाली.

रात्री दोन मिनिटं

झोपण्याआधी सकाळच्या ओळीपुढं एक शब्द लिहा: झालं, अर्धं किंवा नाही. 'नाही' लिहावं लागलं तर १ योहान १:९ वाचून ते देवापुढं कबूल करा. तो क्षमा करायला विश्वासू आहे असं तिथं लिहिलं आहे. ही वही तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, हिशेब नव्हे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: आधी कृपेने तारण, मग सत्कृत्यं. घाबरून लिहायला लागलात तर आठवडाभर वही बाजूला ठेवा, नुसतं वाचा.

शनिवारी आठवड्याची पानं उलटून बघा. राहून गेलेली एक ओळ निवडा, विशेषतः त्यात कुणाशी बिघडलेलं असेल तर. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपुढं ठेवून आधी भावाशी समेट करायला जायचं आहे, म्हणजे त्या माणसाला फोन करायला रविवारच्या उपासनेआधीचा शनिवार आहे. एकट्याने जमत नसेल तर मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला ती ओळ वाचून दाखवा आणि सोमवारी विचारायला सांगा. माझी ओळ एक मित्र विचारतो, गंगावेशीत दुधाचा पेला हातात असताना.