रॅटच्या डोक्यावरची टोपी टिकायची असेल तर

मेंदूतले सिग्नल नोंदवण्यासाठी रॅटला इलेक्ट्रोड बसवतात; ते कवटीवर धरून ठेवणारं स्क्रू आणि सिमेंटचं कवच म्हणजे ही टोपी. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात, सिग्नल छान मिळत असताना, एका सकाळी इलेक्ट्रोडसकट अख्खी टोपी पिंजऱ्यातल्या भुशात पडलेली दिसते आणि सगळे सिमेंटला दोष देतात. ती उलटी करून पाहा. स्क्रू बहुतेकदा तिच्यातच घट्ट असतात. सुटलेलं असतं ते हाड.

म्हणून तयारी हाडापासून. प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीची मंजुरी, पूर्ण वाढलेला प्राणी, निर्जंतुक हत्यारं, भूल आणि वेदनाशामकं हे गृहीत धरते. कातडी बाजूला केल्यावर हाडावरचा पातळ पडदा कडेपर्यंत खरवडून काढायचा. ब्रेग्मा-लॅम्डा (कवटीच्या हाडांचे सांधे जुळतात ते खुणेचे दोन बिंदू) दिसले की झालं, असं समजू नका. मग स्काल्पेलच्या टोकानं आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढायच्या, म्हणजे सिमेंटला धरायला खरबरीत जागा मिळते. रक्त पूर्ण थांबू द्या. हाड खडूसारखं पांढरं, कोरडं दिसेपर्यंत थांबा. इथे घाई केलेली मला दरवेळी महागात पडली आहे. ओल्या हाडावर कुठलंही सिमेंट धरत नाही.

स्क्रू आदल्या दिवशीच मोजून निर्जंतुक करून ठेवा, चार-पाच जास्तीचे. एक तरी हातातून निसटून टेबलाखाली जातोच. ते एकाच हाडात दाटीनं न लावता पुढच्या, बाजूच्या आणि मागच्या हाडांत विखरा. ०-८० मापाच्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे सुमारे ०.३२ मिमी. रॅटची कवटी मिलिमीटरभरही जाड नसते, त्यामुळे फेरे मोजूनच फिरवा, नाहीतर टोक मेंदूत घुसेल.

चिकटणारं दंतसिमेंट आधी, पातळ, थेट हाडावर. ते कालवायची चिनी मातीची वाटी फ्रिजमध्ये थंड करून ठेवा, काम करायला जास्त वेळ मिळतो. त्यावर अ‍ॅक्रिलिक थराथरानं, कारण घट्ट होताना ते तापतं. एकदम गोळा थापला तर खालचं हाड भाजतं. कडा गुळगुळीत हव्यात. कातडीखाली सिमेंटची जीभ शिरली की तिथे पू होतो आणि टोपी खालून सुटत जाते.

पिंजराही आधीच बदला: उंच, आणि आत लोंबणारी खाद्याची जाळी नसलेला. टोपी त्या गजांत अडकली की रॅट सगळा जीव लावून मान हिसकतो.

केबल जोडण्याचा सराव सुट्या कनेक्टरवर करून घ्या. ती काढताना टोपी दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरायची, रोज.