माडीवर वायफाय तुटतंय? आधी लॅपटॉप ओटीवर आणा

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्याच्या चिऱ्यांचं. राऊटर ओटीवर आणि माझं टेबल माडीवर. संध्याकाळी दहावीच्या मुलांचे गणिताचे तास मी तिथून ऑनलाइन घेते. गेल्या श्रावणात आवाज तुटायला लागला. मुलं म्हणायची, "बाई, फळा दिसत नाहीये." पंधरा दिवस मी भिंतीला दोष दिला. भिंतीचा दोष थोडासाच होता, खरं दुखणं लॅपटॉपच्या पोटात होतं. ते कसं शोधायचं, ते क्रमाने सांगते.

लॅपटॉप उचला आणि राऊटरपासून चार-पाच हातांवर ठेवा. शेजारी फोन ठेवा. दोघं एकाच नावाच्या नेटवर्कवर, एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर हवेत, नाहीतर तुलना खोटी ठरते. विंडोजमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचे गुणधर्म उघडले की 'नेटवर्क बँड' २.४ गिगाहर्ट्झ की ५ ते लिहिलेलं असतं. इतक्या जवळ दोघांच्याही रेंजच्या सगळ्या कांड्या भरल्या पाहिजेत. फोनच्या भरल्या आणि लॅपटॉपच्या नाही, तर लॅपटॉपच बघायचा. खाली दोघं ठीक आणि माडीवर दोघं लंगडे, तर भिंत आणि अंतर. कांड्या भरूनही दोघांवर नेट रडत असेल तर लाइनवाल्याला फोन करा, पुढचं काही करू नका. माझ्या फोनच्या कांड्या भरलेल्या होत्या आणि लॅपटॉपच्या दोन. राऊटर समोर दिसत असताना दोन!

मग सोप्या गोष्टी. चार्जर लावल्यावर रेंज सुधारते आणि बॅटरीवर पडते का बघा. तसं असेल तर वीज वाचवण्याची सोय वायफाय कार्डाला दाबते आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडा, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर वीज वाचवायला हे उपकरण बंद करू देण्याची खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतोच. तिथे बॅटरीचा पॉवर मोड बदलून बघा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नवं घ्यायचं तर ते लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, आपल्या मॉडेलचं.

टेबलावर बाहेरची हार्ड डिस्क आहे का? यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल चालू असताना २.४ च्या पट्ट्यातच गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. माझी तासांच्या रेकॉर्डिंगची डिस्क लॅपटॉपला अगदी चिकटून असायची. ती लांब ठेवल्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

तेव्हा आठवलं, की जूनमध्ये लॅपटॉपची बिजागरी तुटली म्हणून एका दुकानात दिला होता, आणि त्रास त्यानंतरचाच. इथे नीट लक्ष द्या. बहुतेक लॅपटॉपचे अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात. तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली येतात आणि वायफाय कार्डावर बसतात. बिजागरीचं काम झालं, पडदा बदलला किंवा लॅपटॉप पडला, की या वायरी निसटतात, चेपतात. एक सुटली तरी वायफाय बंद पडत नाही, फक्त अशक्त होतं. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका. नसेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडून सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवा. वायफाय कार्ड अंगठ्याएवढं असतं आणि त्यावर दोन वायरी, बहुधा एक काळी, एक पांढरी. माझी पांढरी वायर बाजूला लोंबत होती. तिच्या टोकाची टोपी झंपराच्या टिचबटणासारखी बसते. बरोबर वर धरायची, तिरकी नाही, आणि बोटाने सरळ खाली दाबायची, की टिच् असं जाणवतं. बसत नसेल तर जोर लावू नका, उचलून पुन्हा जागेवर धरा. ही टोपी सारखी काढ-घाल करण्यासाठी बनवलेलीच नसते. वायर बिजागरीपाशी तुटलेली दिसली, तर अँटेना बदलावा लागेल. तोवर यूएसबीचा वायफाय अडॅप्टर लावून काम चालतं.

माझ्या लॅपटॉपच्या ओटीवर कांड्या भरल्या, आणि मग उरली ती खरोखरच भिंत. चिऱ्यातून २.४ त्यातल्या त्यात पार होतं, ५ लवकर दमतं, म्हणून माडीवर लॅपटॉप २.४ वर ठेवला. या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, राऊटरमध्ये त्यातलं कमी गर्दीचं निवडा. राऊटर लोखंडी कपाटामागून काढून उंच ठेवा. त्याची दांडी, म्हणजे अँटेना, आपल्या टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत कमी फेकते. वरच्या मजल्यासाठी दोन दांड्या असतील तर एक उभी ठेवा आणि एक आडवी करा.

तरीही पुरलं नाही तर रिपीटरपेक्षा, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणाऱ्या पेटीपेक्षा, मला केबल पटते. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत चालते. आम्हाला ओटीपासून माडीपर्यंत १८ मीटर लागली. वर जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरचं नेट वायफायने पसरवायला, जोडला. केबल वाशांच्या कडेने न्यायची तर मे महिन्यातच ओढून घ्या. एकदा पाऊस लागला की कौलं हलवता येत नाहीत.