मिनीचं चिलखत खऱ्या पोलादासारखं कसं रंगवावं

चंदेरी रंग फासला की मिनीचं, म्हणजे टेबलावरच्या खेळांतल्या छोट्या पुतळ्याचं, चिलखत पोलादी दिसतं, हा समज आधी सोडा. घरातला स्टीलचा डाव खिडकीजवळ धरून पाहा. एक पांढरीशुभ्र पट्टी, तिला खेटून जवळजवळ काळी पट्टी, आणि मधला करडा अगदी थोडा. डोळ्याला धातू कळतो तो या टोकाच्या फरकामुळे. २८ ते ३२ मिलिमीटरच्या मिनीवर खोलीतला उजेड हा फरक पुरेसा पाडत नाही, म्हणून तो आपण रंगवायचा. साध्या, बिनचमकीच्या रंगांनी धातू रंगवायची ‘एनएमएम’ (नॉन-मेटॅलिक मेटल) पद्धतही आहे. पण आधी चमकीच्या रंगांवर हात बसू द्या.

लागणारं सामान: सिटाडेलचे लेडबेल्चर (गडद पोलादी), स्टॉर्महोस्ट सिल्व्हर (लख्ख चांदी) आणि नल्न ऑइल (काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग), किंवा दुसऱ्या कंपनीचे तशाच छटांचे रंग. मॅट काळा, गडद निळा, ग्लेझ मीडियम (रंग पातळ करायचं पारदर्शक द्रव). १ आणि २ नंबरचे सिंथेटिक ब्रश. पाण्याचे दोन पेले. एक फक्त चमकीच्या रंगांसाठी. ही चमकी म्हणजे अतिबारीक पापुद्रे असतात. तोच पेला पुढे चेहऱ्याच्या रंगाला वापरलात, तर गालावर चकाकते ठिपके येतात आणि मग निघत नाहीत.

१. तयारी. साच्याच्या जोडाची रेघ चाकूच्या पाठीनं खरवडून काढा. मॅट रंगाखाली ती कदाचित लपेल, चमकीखाली उठून दिसते. मिनी साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन वाळवा.

२. प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) काळाच. खाचेत रंग पोचला नाही तरी ती सावलीच वाटते. स्प्रे २०-२५ सेंटीमीटरवरून, छोट्या फवाऱ्यांनी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मात्र स्प्रेच्या नादी न लागलेलं बरं. दमट हवेत थर खरखरीत बसतो, आणि त्यावर कुठलाही धातू गंजल्यासारखाच दिसतो. तेव्हा ब्रशनं लावायचा प्रायमर घ्या.

३. मूळ थर. लेडबेल्चरची डबी चांगली मिनिटभर हलवा. चमकी तळाशी बसलेली असते. रंग वेट पॅलेटवर (ओल्या स्पंजावर कागद घातलेल्या पॅलेटवर) काढू नका, तिथे तो फुटतो आणि चमकी पाण्यावर तरंगते. साधी टाइल किंवा डब्याचं झाकण पुरे. दोन पातळ थर द्या. पातळ करायला पाण्यापेक्षा मीडियम बरं, कारण पाणी जास्त झालं की चमकी कडेला गोळा होते आणि मध्ये टक्कल पडतं.

४. वॉश. नल्न ऑइल सगळीकडे एकदा लावा. सपाट भागावर साचलेलं कोरड्या ब्रशच्या टोकानं लगेच टिपून घ्या. अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावायचा नाही, नाहीतर ओघळाच्या कडा उमटतात. किमान अर्धा तास थांबा.

बरेच जण इथेच थांबतात. चिलखत ठीक दिसतं, पण सगळीकडे सारखंच चमकतं. खरी मजा पुढच्या पायरीत आहे.

५. मॅट सावल्या. उजेड कुठून येतो ते ठरवा. दिवा वरून धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवला की नंतर गोंधळ होत नाही. मॅट काळ्यात थोडा गडद निळा मिसळा. या मिश्रणाच्या १ भागाला ४-५ भाग ग्लेझ मीडियम घ्या. ब्रश टिशूवर पुसून, छातीच्या पत्र्याच्या खालच्या निम्म्या भागावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत हा रंग फिरवा. ब्रश उजेडाकडून अंधाराकडे ओढायचा, कारण फटकारा जिथे संपतो तिथे रंग जास्त बसतो. प्रत्येक थर वाळू देत तीन-चार थर द्या आणि दर थराला थोडं आणखी खाली सरका. मॅट रंगानं तिथली चमक मरते. मिनी हातात कशीही फिरवली तरी सावली सावलीच राहते.

तलवारीच्या पात्याला मधे कणा असतो. त्याच्या एका बाजूला मुठीकडे गडद आणि टोकाकडे उजळ, दुसऱ्या बाजूला नेमकं उलट ठेवा. एवढ्यानं पातं धारदार दिसतं.

६. उजळ कडा. वरच्या भागांवर पुन्हा लेडबेल्चर, त्यावर निम्मं लेडबेल्चर-निम्मं स्टॉर्महोस्ट, आणि शेवटी नुसतं स्टॉर्महोस्ट फक्त कडांवर, खिळ्यांच्या माथ्यावर. ब्रशचं टोक नाही, कूस कडेवरून ओढा. रेघ सरळ येते. उजळपणासाठी पांढरा मिसळू नका, त्यानं चमक जाऊन राखाडी लगदा होतो.

सोन्यासाठी खाली तपकिरी थर, वर रेट्रिब्युटर आर्मर (सोनेरी), मग रीकलँड फ्लेशशेडचा (तांबूस तपकिरी) वॉश. सोनं उजळायला त्यात चांदी मिसळतात. गंज दाखवायचा तर पाणी साचेल तिथे, म्हणजे सांध्यांत आणि खिळ्यांखाली, स्पंजच्या तुकड्यानं आधी गडद तपकिरी आणि त्यावर थोडं नारिंगी टेकवा. हिरवट कीट तांब्या-पितळेलाच चढतं. पोलादावर हिरवं लावलेल्या मिनी सर्रास दिसतात, पण ते चूक आहे.

७. वार्निश. मॅट वार्निशमधले बारीक कण उजेड विखुरतात, त्यामुळे धातू मेल्यासारखा दिसतो. म्हणून आधी पूर्ण मिनीला मॅट वार्निश द्या, ते नीट वाळू द्या आणि मग फक्त कडांवर स्टॉर्महोस्टचा शेवटचा हात फिरवा. खेळताना पात्याचं टोक सर्वांत आधी घासतं, तेव्हा तेवढ्यावर ब्रशनं ग्लॉस वार्निशचा एक थेंब लावून ठेवा.